लंगडीचा ठेका

तळघरात उतरायला दगडी जिना होता आणि जिन्यावर कायम सरसाचा वास, कारण वर पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान होतं. खाली, जिथे पूर्वी कागदाचे गठ्ठे ठेवत, तिथे आता रेडिओचा कार्यक्रम तयार व्हायचा. भिंतींना जुनी घोंगडी ठोकलेली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, मधोमध टेबल आणि टेबलावर दोन मायक्रोफोन. कार्यक्रमाचं नावही ‘तळघर’च. दर शनिवारी संध्याकाळी तासभर. मोठ्या स्टेशनांवर ज्यांना कुणी बोलावत नाही, बोलावलं तरी ज्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडलं जातं, त्यांनी इथे येऊन बोलायचं. घर पाडलेल्यांनी, कामावरून काढलेल्यांनी, सरकारी कचेरीबाहेर उभं राहून पाय सुजलेल्यांनी. जाहिरात नाही, कुठल्या पक्षाचा हात डोक्यावर नाही, त्यामुळे कुणाची भीडही नाही.

कार्यक्रम चालवायची ती बाई. तिला वेगळं नाव असेलही, पण सगळे बाईच म्हणत. आयुष्यभर कोर्टात बसून तिने साक्षी टिपल्या होत्या. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांत केसाचं अंतर पडलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे. सूत्रसंचालन करायचा तो खर्ज. पूर्वी बसवर कंडक्टर होता. ‘पुढे सरका’ म्हणायचा तेव्हा प्रवासीच काय, पुढची बसही सरकायची, असं तो स्वतःच सांगे. आणि आवाज कापायची, जोडायची, धुऊनपुसून ठेवायची ती कात्री.

कात्री मायक्रोफोनसमोर कधी बसली नव्हती. कानाला हेडफोन लावून ती कोपऱ्यात असायची आणि लोकांच्या बोलण्यातले खोकले, अडखळणं, तेच तेच तीनदा सांगणं हलक्या हाताने काढायची. रडणं मात्र काढत नसे. तिथे तिचा हात आपोआप थांबायचा.

तळघराच्या दोन रीती होत्या. पहिली दुरुस्तीची. मागच्या शनिवारी काही चुकलं असेल तर या शनिवारी सुरुवातीलाच सांगायचं, आणि ज्याची चूक त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. दुसरी रीत कात्रीने लावलेली. जिथे कुणाचं बोलणं टिपायचं, तिथे बोलणं संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ टिपून घ्यायचा. प्रत्येक खोली निराळी गप्प असते, असं ती म्हणायची. कुठे पाण्याची टाकी गळते, कुठे पंखा कण्हतो, कुठे लांबवर रस्ता वाहत असतो. ह्याला ते खोलीचा श्वास म्हणत. दोन वाक्यांच्या सांध्याखाली तो अंथरला की शिवण दिसत नाही. कात्रीचा ह्या श्वासावर फार जीव. ज्या खोलीचं बोलणं तिथलाच श्वास, हे ती इतक्या निगुतीने पाळायची की बाईसुद्धा त्या बाबतीत तिला काही शिकवायला जात नसे.

आणि तिथेच घात झाला.

कात्रीच्या घरी तिची नणंद राहायची, नवऱ्याची थोरली बहीण. घरात ती ताई. भावजयीपेक्षा वयाने बरीच मोठी, तरी हिला ‘वहिनीबाई’ म्हणायची. त्यात थोडी चेष्टा, थोडी माया. ‘वहिनीबाई, तुझ्या त्या तळघरात ऊन कापून नेता येत नाही का गं खिशातून?’ असलं तिचं चाललेलं असायचं. ताई कामाला होती ती मोठ्या धुलाईघरात. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जात, वाळवल्या जात आणि मग तापलेल्या रुळांच्या मशीनमधून इस्त्री होऊन निघत. रुळांपुढे ताई आणि तिची जोडीदारीण. चादर एकटीने घडी होत नाही. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची आणि मागे सरायचं. दिवसभर दोघी अशा भेटायच्या आणि दूर व्हायच्या. ताईने त्यावर दोन ओळीही रचल्या होत्या.

तुझं टोक, माझं टोक, मध्ये पांढरं रान
चाल, दोन पावलं, मिटव त्याचं पान

घरीसुद्धा चादरी वाळल्या की ताई कात्रीला हाक मारायची, दोघी स्वयंपाकघरात ती ओळ म्हणत घड्या घालायच्या. मात्र ताई दर वेळी ‘चाल’ म्हटल्यावर उगीच थांबायची, आणि मग ‘दोन पावलं’. कात्रीला वाटायचं, ताईची ती लकब.

मशीनमध्ये बिघाड होता. रूळ फिरता फिरता मध्येच हिसका द्यायचा आणि त्या हिसक्याला चादर आत ओढली जायची. हात वेळेवर सुटला नाही तर हातही. पुढची जाळी केव्हाच काढून ठेवलेली. एका नव्या मुलीची बोटं त्यात भाजली तेव्हा तिला सांगण्यात आलं, घरी स्टोव्हवर भाजली म्हण. ती तसं म्हणाली आणि पुन्हा कामावर आली नाही. ताईच्या मनातून ते जाईना. हे ऐकवायला हवं, असं तीच एक दिवस म्हणाली. नाव आणि आवाज मात्र लपवायचा, कारण ह्या वयात दुसरं काम कोण देतं.

कात्रीने तिला छोटं यंत्र दिलं. घरी बोलायला ताईला लाज वाटली. तिथेच बसून सुचेल, म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत दोघीच डबा खायच्या. मशीन पुन्हा तापायला वेळ लागतो म्हणून सुट्टीतही रिकामंच फिरत ठेवत. जोडीदारीण भिंतीला टेकून डुलकी काढत होती, तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ताई हळू आवाजात सगळं बोलली आणि भावजयीने शिकवल्याप्रमाणे शेवटी थोडा वेळ गप्पही बसली.

ताईचे शब्द बाईच्या शेजारणीने तळघरात वाचले. खर्जाने आधीच सांगून टाकायचं ठरलं की शब्द त्या कामगार बाईचे आहेत, आवाज तिचा नाही. फसवणूक नको. पण घोंगड्यांच्या खोलीतलं ते वाचन कात्रीला उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटलं. मग तिने रीतीप्रमाणे केलं. ज्या खोलीचं बोलणं, त्या खोलीचा श्वास. ताईने टिपून आणलेली ती शांतता तिने खाली अंथरली. तीत वाफेचा सुस्कारा होता आणि मध्येच काहीतरी ठेच लागल्यासारखं वाजायचं. टक. नळ असेल, पाइप असेल. कात्रीला ते कुणाच्या तरी काळजासारखं वाटलं, म्हणून तिने ते किंचित वरही उचललं. बाईने ऐकलं आणि म्हणाली, आता खरं वाटतंय.

शनिवारी ते लागलं. लगेच खर्जाने धुलाईघराच्या मोठ्या साहेबांना फोन जोडला, कारण दुसरी बाजू ऐकवायची हाही तिथला नेम होता. साहेब शांतपणे बोलले. आमची सगळी मशीनं लोण्यासारखी चालतात, म्हणाले, हिसका नाही की आवाज नाही; त्या मुलीचा हात तिच्या घरी भाजला. खर्जाने आभार मानले.

कात्री खुशीत घरी आली. नवरा जेवत होता आणि ताई रेडिओसमोर तशीच बसली होती, रेडिओ बंद करून.

“लंगडी ऐकू येत होती,” ताई म्हणाली.

कात्रीला कळेना.

“आमचं मशीन गं. आम्ही लंगडी म्हणतो तिला. लंगडत फिरते म्हणून. तुम्ही तीच वाजवलीत. माझा आवाज लपवलात आणि तिचा ठेवलात.”

कात्रीने एवढे कान तयार केलेले, आणि ज्या ठेचेवर घरात ताई रोज थांबायची ती तिला ओळखू आली नव्हती. पण त्याहून जास्त लागला तो ताईच्या तोंडचा ‘तुम्ही’. वहिनीबाई गेली, तू गेलं. आता ‘तुमचं ताट झाकून ठेवलंय’. नवऱ्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि भाताकडे फार लक्ष देऊन जेवू लागला.

सोमवारी मुकादमाने दोघींना बोलावलं. ओरडला नाही. तो ओरडणारा माणूस नव्हता, दमलेला होता. लंगडीची ठेच मी झोपेतसुद्धा ओळखीन, म्हणाला. ती नुसती एकटी ऐकू येते ती जेवणाच्या सुट्टीत, आणि त्या वेळी तिथे तुम्ही दोघी. कोण बोलली ते शनिवारपर्यंत सांगा. तोवर दोघी खाली, मळक्या कपड्यांत. म्हणजे जिथे दवाखान्यांतून आलेली गाठोडी सोडायची. त्यात रक्त, पू, आणि कधीकधी चादरीत विसरलेली सुई. हातमोजे फाटके.

ताईने त्याच क्षणी आपलं नाव सांगितलं असतं. पण जोडीदारणीने तिचा दंड दाबून धरला. तिला तेव्हाच सगळं उमगलं होतं. गाठोडी सोडताना ती ताईला एवढंच म्हणाली, “आधी सांगितलं असतंस तर मी मोठ्याने घोरले असते. लंगडी झाकली गेली असती.” दोघी तोंडाला फडकं बांधून हसल्या. मंगळवारी मात्र जोडीदारणीच्या बोटात सुई गेली. तिला दवाखान्यात नेलं, टोचलं, परत आणून कामाला लावलं. आता रक्त तपासायचं आणि वाट बघायची.

त्या संध्याकाळी ताई घरी आली ती कुणाशी न बोलता दोरीवरच्या चादरी काढायला गेली. कात्री पुढे झाली तर ताईने चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि एकटीनेच घडी घातली. वाकडी झाली. तिने मोडून पुन्हा घातली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, शनिवारी मी मुकादमाला माझं नाव सांगणार आहे. तुम्ही मन घट्ट करून ठेवा. तिच्या बोटात गेलेली सुई माझी होती.

दुसऱ्या दिवशी कात्रीने तळघरात सगळं सांगितलं. खर्जाने डोक्याला हात लावला. मग त्याला एक युक्ती सुचली: ह्या शनिवारी सगळ्यांच्याच बोलण्याखाली ती लंगडी अंथरू, वकिलाच्या, मंत्र्याच्या, हवामानाच्यासुद्धा. मग मुकादम काय ओळखणार, कपाळ? कात्रीच्या डोळ्यांत आशा चमकली. बाईने मान हलवली. “लोकांच्या कानाला आपण फसवत नाही. आवाज बदलला तेव्हा बदलला म्हणून सांगितलं होतं.” ती थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिली. तिने दुरुस्तीचाही विचार करून पाहिला, आणि पहिल्यांदाच असं झालं की चूक होती, चूक करणारी समोर होती, आणि ती सांगितली तर ताई आणखी रुतणार होती. शेवटी बाई म्हणाली, निदान तो भाग उतरव. लोक मागाहून फोनवर ऐकतात, ते तरी थांबेल.

भाग उतरवायचा म्हणजे पुसायचा. कात्री हेडफोन लावून बसली. पुसण्याआधी एकदा ऐकायचं, ही तिची सवय. शेजारणीचा आवाज, खाली वाफ, मध्ये ठेच. आता तिला ती लख्ख ऐकू येत होती, एवढी की आधी कशी आली नाही ह्याचीच लाज वाटावी. टक. आणि शेवटच्या ठेचेला लागूनच, श्वासभराची जागाही न सोडता, साहेबांचा मऊ आवाज. आमची सगळी मशीनं लोण्यासारखी चालतात. हिसका नाही की आवाज नाही.

कात्रीचा हात थांबला. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून बाईला दिला, बाईने खर्जाला.

“हे पुसलं तर साहेबही पुसले जातील,” कात्री म्हणाली.

बाईने पेन्सिल खाली ठेवली. “मुकादम म्हणतो, आवाजावरून ओळखलं. साहेब म्हणतात, आवाजच नाही. कोर्टात ह्यातला एकच उभा राहिला असता.” आणि मग, बऱ्याच वर्षांनी कुणी चांगली साक्ष दिल्यासारखी, ती हसली.

घरी ताई भांडी पुसत होती. कात्रीने काही समजावलं नाही. समजावायचा हक्क आपण घालवलाय, असं तिला वाटत होतं. तिने यंत्र ओट्यावर ठेवलं आणि हेडफोन ताईपुढे धरला. ताईने हात पुसले, हेडफोन कानाला लावला आणि ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं, बोटानेच. मग वायर नीट गुंडाळून यंत्र परत दिलं. तिच्या कपाळावरची शीर जरा सैल झाली होती.

पुढचं ताईने नंतर सांगितलं, आणि जोडीदारणीने त्यात मीठमसाला घातला. सकाळी हजेरीच्या वेळी सगळ्या बायका जमलेल्या असताना ताई मुकादमासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. रेडिओवर बोलली ती आम्हा दोघींतलीच, हे तुम्हाला लंगडीच्या आवाजावरून कळलं ना, असं तिने विचारलं. मुकादम हो म्हणाला.

“मग तेवढं साहेबांना सांगा. त्यांनी त्याच रेडिओवर सांगितलंय की आमचं मशीन लंगडत नाही, त्याला आवाजच नाही. लंगडत नसेल तर ती खोली आमची नव्हे, आणि आम्ही दोघी परत वर जातो. लंगडत असेल तर त्या मुलीची बोटं कुठे भाजली तेही सांगा.”

बायकांत कुणीतरी खोकली. मग दुसरी खोकली. साहेबांकडे जाऊन काय म्हणायचं, हे मुकादमाच्या चेहऱ्यावर उमटत होतं आणि पुसलं जात होतं. शेवटी खाली बघत तो पुटपुटला की मशीन दुरुस्त करा म्हणून मी कितीदा सांगितलं, माझं कोण ऐकतं. आणि म्हणाला, जा वर दोघी.

त्या शनिवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला खर्जाने आवाज खालच्या पट्टीत नेऊन सांगितलं, “ह्या आठवड्यात एक दुरुस्ती आहे. ती आज सांगता येत नाही. सांगता येईल तेव्हा, जिची आहे ती सांगेल.” मागचा भाग तसाच राहिला. उलट लोकांनी तो एकमेकांना पाठवला, बहुधा त्या दोन आवाजांच्या सांध्यासाठीच. कात्रीने तो सांधा जाणून घातला नव्हता, पण त्यावर तिने पुन्हा हातही फिरवला नाही. भाजलेली मुलगी बाईला येऊन भेटली. तिचं प्रकरण कामगारांच्या वकिलाकडे गेलं, आणि असली प्रकरणं चालतात तसं सावकाश चालू लागलं. जोडीदारणीचं रक्त पहिल्या तपासणीत चांगलं निघालं. पुढची तपासणी बाकी होती.

साहेबांना आपलं बोलणं खरं करून दाखवणं भाग होतं. मिस्त्री आला, रूळ उतरवले, आतलं झिजलेलं बेअरिंग बदललं, जाळी पुन्हा बसवली. आता मशीन खरोखर लोण्यासारखं चालू लागलं.

कात्रीने तळघरात नवा नियम केला. ज्याचा आवाज लपवायचा, त्याच्या खोलीचा श्वास घ्यायचाच नाही. बोलणं उशीत तोंड खुपसल्यासारखं वाटलं तर वाटू द्यायचं. तिला ते जड गेलं, पण तिने दोन्ही हातांनी पाळलं.

एका दुपारी दोरीवरून चादरी काढून ताई स्वयंपाकघरात आली. कात्री ओट्याशी उभी होती. ताईने चादर झटकली, एक टोक हनुवटीकडे नेलं, आणि तिथेच थांबली. मग ते टोक पुढे केलं.

“धर, वहिनीबाई. एकटीची घडी वाकडी होते.”

कात्रीने ओले हात पदराला पुसले आणि टोक धरलं. चादर दोघींच्या मध्ये ताणली गेली, खिडकीतलं ऊन तिच्यावर सांडलं. ताईने ओळ सुरू केली. तुझं टोक, माझं टोक, मध्ये पांढरं रान. चाल. आणि ती अडखळली. पुढचे शब्द येईनात. हल्ली कामावर पण असंच होतं, ती म्हणाली, दोघी चुकतो, एकमेकींवर आपटतो. मशीन गप्प झालं आणि ओळीचा पाय मोडला. बरंच झालं म्हणा, कुणाचा हात तरी जायचा नाही. पण सवय वाईट.

“पुन्हा म्हणा, ताई,” कात्री म्हणाली.

ताईने पुन्हा म्हटलं. तुझं टोक, माझं टोक, मध्ये पांढरं रान. चाल. आणि जिथे लंगडीची ठेच लागायची, नेमकी तिथेच, कात्रीने टाच उचलून फरशीवर आपटली. टक.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या.